हिरव्या टोपीचे दगड

बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत अठ्ठावन्न दगड.
दर दोन वर्षांनी आमची पाळी येते.
आधी तारेचा ब्रश, मग डोक्यावर हिरवा, अंगावर पांढरा,
आणि काळ्याने गाव.
गाव मी लिहितो.
अंतर लाडू मेस्त्रीही मोजत नाही,
ते हापिसातून कागदावर येतं.

शून्याच्या दगडाला सुकटीचा वास आहे.
फेलिक्सची बायको दगडावरसुद्धा जाळं पसरते,
रंग ओला असला तरी.
"शून्य म्हणजे आमचोच गाव, होय मा?" विचारते,
आणि जाळ्यावर उमटलेला हिरवा बघून
मला शिव्या घालते.

आठव्यापर्यंत माड, पंधराव्यापर्यंत काजू.
बाविसाव्याच्या वळणावर मोबाइलचा टॉवर मागे राहतो
आणि एसटीतली माणसं
बोलता बोलता खिडकीबाहेर बघायला लागतात.
धनेश उडाला की वाटतं
कोणीतरी ताडपत्री झटकतंय.

एकतिसाव्याला मोरी आहे. तिला पूल म्हणतात,
कारण तिचं उद्घाटन झालंय.

छत्तिसाव्याला टेकून बमू वरक उभा असतो,
दोन किटल्या, खांद्यावर घोंगडी,
दुधावर झाकणाऐवजी कुंभ्याचं पान.
त्याची वस्ती इथून दीड तास वर.
तिला नाव आहे, दगड नाही.
त्याची नववीतली पोर इथेच बूट चढवते,
चपला करवंदीच्या जाळीत खुपसून ठेवते.
एकदा चपलेत इंगळी निघाली,
तेव्हापासून फांदीला टांगते,
आणि संध्याकाळच्या गाडीतले नवखे प्रवासी
त्या दोन चपला बघून
काहीतरी भलतंच समजतात.

एक्केचाळिसाव्याला साखळी. वनखात्याचा नाका.
रात्री नऊ ते पहाटे पाच बंद.
"गव्यांची वेळ," गार्ड सांगतो,
बँकेची वेळ सांगावी तशी.
बमूची सून इथेच अडली होती, जीपमध्ये, पावणेतीनला.
गवे आडवे आले नव्हते.
चावी सापडत नव्हती.
त्या पोराला शाळेच्या हजेरीत काय ते नाव आहे,
बाकी सगळे एक्केचाळश्याच म्हणतात.
मी दगड रंगवायला बसलो की
तो माझ्या आधी येऊन त्यावर बसतो.
"माझो हा," म्हणतो.
उठवावं कसं?

यंदाच्या कागदात एक बदल होता.
सेहेचाळीस ते बावन्न, सात दगड:
'धामणमळा' काढून 'अभयारण्य' लिहावे.
खाली सही, सहीखाली शिक्का,
शिक्क्याची शाई फुटलेली.

धामणमळ्यात चार चुली पेटतात.
बाकीची घरं पुनर्वसनात गेली,
दारांच्या चौकटीसकट गेली.
कृष्णी गवस राहिली. तिने चहा दिला, गूळ वेगळा दिला,
आणि ब्रशाकडे न बघता विचारलं,
"आमी अजून आसंव मा कागदार?"
मी म्हटलं, चहा बरो झालो.

लाडूने विडी पेटवली.
साहेबाची जीप बंदराकडून येते,
दोन तासांत परत जायची घाई असते,
घाटाकडची बाजू कोणी उतरून बघत नाही.
एवढंच बोलला.
बंदराच्या बाजूला मी 'अभयारण्य' लिहिलं,
सुबक, आखून, दोरी धरून.
पाठीमागे, घाटावरून येणाऱ्याला दिसेल असं,
धामणमळा.
सात दगडांवर सात वेळा,
शेवटी काळा पुरेना तर रॉकेल घालून.

पण घाटावरून धामणमळ्याला येतो कोण?

दुसऱ्या दिवशी एकोणपन्नासाव्यापाशी गेलो
तर 'म' आणि 'ळ' फरफटलेले.
माझ्या कमरेच्याही वर चिखल लागला होता,
आणि न वाळलेल्या रंगात
चिकटून बसलेले जाड, काळपट केस.
लाडू म्हणाला, खरवडून काढ, मग लिही.
खरवडायला मन झालं नाही.
वरूनच दुसरा हात मारला.

जवळून बघितलं तर दिसतात अजून,
अक्षरात.
अंतर ३ किमी.
तेवढं हापिसाने दिलेलं आहे,
बरोबर असावं.